हिवतापाच्या वाणांचा हिशेब

एखाद्या प्रदेशात हिवतापाचे रुग्ण घटले की परजीवीच्या जनुकांतली विविधताही घटते. विविधता घटली की परिस्थितीशी जुळवून घेण्याची त्याची ताकद ओसरते. सबब, विविधतेचा आलेख उतरताना दिसला की निर्मूलन जवळ आले असे खुशाल समजावे. हा युक्तिवाद आता इतका रुळला आहे की कोणी त्याला पुरावा मागत नाही. भारताने २०२७ पर्यंत देशांतर्गत लागण शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत रोग हद्दपार करण्याचे ठरवले आहे. २०१५ साली देशात सुमारे ११.७ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२३ साली ती सव्वादोन लाखांच्या आसपास आली. आकडे असे उतरत असताना हा युक्तिवाद कानाला गोड लागतो यात नवल नाही. पण त्यातली पहिली पायरी अर्धीच खरी आहे, दुसरी बहुतांशी खोटी आहे, आणि तिसरी या दोन्हींवर उभी आहे.

आधी पूर्वपक्षाला त्याचे माप पूर्ण द्यायला हवे, कारण तो हवेतून आलेला नाही. हिवतापाचा परजीवी माणसाच्या रक्तात असतो तेव्हा त्याच्याजवळ गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि तो नुसता दुभंगत वाढतो. त्याचे मीलन होते ते ॲनोफेलीस डासाच्या पोटात. डासाने शोषलेल्या रक्तात दोन वेगळे वाण असतील तर त्यांची जनुके मिसळतात आणि नवे वाण जन्माला येतात. एकच वाण असेल तर त्याचे नर आणि मादी आपापसातच जुळतात आणि पुढची पिढी मागचीच नक्कल निघते. जिथे डास वारंवार चावतात तिथे एकेका माणसाच्या अंगात अनेक वाण नांदतात आणि मिसळण सतत चालू राहते. जिथे लागण तुरळक असते तिथे एका रुग्णात एकच वाण, म्हणून मिसळणही नाही. २००० साली टिम अँडरसन आणि सहकाऱ्यांनी जगातल्या निरनिराळ्या ठिकाणचे फाल्सिपेरम या जातीचे परजीवी तपासले तेव्हा नेमके हेच चित्र दिसले. आफ्रिकेत विविधता भरपूर, दक्षिण अमेरिकेत ती थोडी आणि वाण एकमेकांच्या नात्यातले, आग्नेय आशिया या दोन्हींच्या मधे. लागण जास्त तिथे विविधता जास्त, लागण कमी तिथे कमी. निष्कर्ष डोळ्यांसमोरच होता.

हे सारे कळायला इतका उशीर का लागला, ते रक्ताच्या काचेकडे पाहिले की समजते. तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचून आरोग्यसेवक काचपट्टीवर एक जाड ठिपका घेतो, शेजारी एक पातळ लेप ओढतो. काच वाळते, जेएसबी रंगद्रव्यातून निघते, आणि तेलाचा थेंब टाकून तंत्रज्ञ ती शंभराच्या भिंगाखाली सरकवत नेतो. पातळ लेपात तांबड्या पेशींच्या आत नाजूक अंगठ्या दिसतात, काही वेळा केळ्याच्या आकाराच्या जननपेशीही. फाल्सिपेरम की व्हायव्हॅक्स, दाट की विरळ, एवढे भिंग सांगते. त्या अंगठ्या एका वाणाच्या की आठ वाणांच्या, हे ते सांगू शकत नाही. १८८० साली लाव्हराँने अल्जीरियात परजीवी प्रथम पाहिला आणि १८९७ साली रॉसने सिकंदराबादेत तो डासाच्या पोटात शोधला. पण एका रुग्णात किती वाण आहेत हे मोजायला विसाव्या शतकाची अखेर यावी लागली. त्यामुळे काळाच्या ओघात विविधता कशी बदलते याची प्रत्यक्ष निरीक्षणे कुणाजवळ नव्हतीच. जगाच्या नकाशावरचे फरक मात्र होते. मग नकाशावरचा फरक उचलून काळावर बसवला गेला, आणि घोटाळा झाला तो इथे.

दक्षिण अमेरिकेत विविधता थोडी आहे, हे खरे. पण ती लागण कमी असल्यामुळेच थोडी आहे का? फाल्सिपेरम त्या खंडात मुळात नव्हता. आफ्रिकेतून गुलामांना कोंबून नेणाऱ्या जहाजांबरोबर तो अटलांटिक ओलांडून गेला, आणि तोही मोजक्या खेपांत स्थिरावला, हे आजच्या वाणांची नाती तपासून दाखवले गेले आहे. मूठभर पूर्वजांपासून वाढलेल्या वंशात विविधता कमी असणारच, मग पुढे लागण कितीही होवो. उलट टोकाला पापुआ न्यू गिनी आहे. तिथे लागण जोरदार, पण विविधता आफ्रिकेच्या तोडीची नाही. म्हणजे नकाशावर जे दिसते त्यात लागणीचा भाग किती आणि इतिहासाचा किती, हे वेगळे काढल्याशिवाय त्यावरून उद्याचे भाकीत करता येत नाही. अँडरसन यांच्या निबंधाचा यात दोष नाही. त्यांनी जागांची तुलना केली होती. ती काळाची तुलना म्हणून वाचली नंतरच्यांनी.

काळाची खरी तुलना पुढे झाली, आणि ती अँडरसन यांच्याच गटाने केली हे विशेष. थायलंड आणि म्यानमारच्या सीमेवरच्या दवाखान्यांत २००१ ते २०१० या दशकात घेतलेले सतराशेहून अधिक रक्तनमुने त्यांनी तपासले. या दहा वर्षांत तिथला फाल्सिपेरम झपाट्याने ओसरत होता. सुरुवातीला निम्म्याहून अधिक रुग्णांत एकापेक्षा जास्त वाण सापडत, अखेरीस ते प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आत आले. हुबेहूब तेच वाण पुन्हा पुन्हा भेटू लागले. इथपर्यंत पूर्वपक्ष जिंकला म्हणा. पण लोकसंख्येची विविधता मोजण्याची जी रूढ पद्धत, म्हणजे कुठलेही दोन परजीवी उचलले तर जनुकाच्या एका जागी ते वेगळे असण्याची शक्यता किती, ती मात्र दशकभर जवळपास जागची हलली नाही. एकेका माणसाच्या अंगातली गर्दी ओसरली, साऱ्या मुलखातला साठा तसाच राहिला. कुटुंबे लहान झाली म्हणून गावातली आडनावे कमी होत नाहीत, तसेच हे.

याचे गणितही अवघड नाही. ज्यांची संतती पुढे चालते असे परजीवी एखाद्या मुलखात हजार उरले, असे धरू. अशा लोकसंख्येत दर पिढीला विविधतेचा साधारण हजारावा हिस्सा गळतो. माणसातून डासात आणि डासातून माणसात अशा वर्षाला सहा पिढ्या धरल्या तर दहा वर्षांत साठ पिढ्या, आणि गळती सहा टक्क्यांच्या आत. ज्या मोजणीत पाच-सात टक्क्यांचा फरक नमुने घेण्याच्या चुकीतच बुडून जातो, तिथे ही घट दिसणार कुणाला? कार्यक्रमाचे यश तोवर कितीतरी पटींनी मोठे झालेले असते. विविधता खाली आणायची तर संख्या हजारांवर नव्हे, दहा-वीसवर उतरावी लागते, आणि तिथे बराच काळ राहावी लागते.

उत्तर घानातल्या बोंगो जिल्ह्याचे उदाहरण याहून बोलके आहे. फाल्सिपेरमच्या प्रत्येक वाणात ‘व्हार’ नावाच्या जनुकांचा सुमारे साठांचा संच असतो. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर कोणते प्रथिन मिरवायचे ते हा संच ठरवतो, आणि परजीवी ते बदलत राहतो म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती त्याला सहजी पकडू शकत नाही. बोंगोत २०१३ ते २०१५ दरम्यान घरोघर कीटकनाशकाची फवारणी झाली. परजीवीचे ओझे भरपूर उतरले. केरन डे यांच्या गटाने व्हार जनुकांची मोजदाद केली तेव्हा मात्र त्यांचे वैविध्य अफाटच राहिलेले आढळले, आणि फवारणी थांबल्यावर परजीवी पुन्हा फोफावला. नुसत्या रुग्णसंख्येकडे पाहणाऱ्याला फवारणीच्या काळात विजय दिसला असता. खालचा साठा शाबूत आहे हे कळायला जनुकांकडेच पाहावे लागले, पण पूर्वपक्षाच्या अपेक्षेच्या उलट अर्थाने.

व्हायव्हॅक्सबद्दल तर पूर्वपक्षाने बोलूच नये. हा परजीवी यकृतात सुप्त रूपात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. उलटलेल्या तापात बरेचदा आधीच्या तापातला वाण नसतो, वेगळाच निघतो. म्हणजे माणसाचे यकृत म्हणजे मागच्या साऱ्या चाव्यांची साठवण. चाव्यांची संख्या आज घटली तरी ही साठवण लगेच रिकामी होत नाही. मुंबईतला हिवताप मुख्यतः व्हायव्हॅक्सचा आहे हे लक्षात घेतले तर मुद्दा दूरच्या देशांपुरता राहत नाही.

श्रीलंकेची गोष्ट पाहा. १९६३ साली तिथे वर्षभरात हिवतापाचे फक्त १७ रुग्ण नोंदले गेले. काम ढिले पडले, आणि १९६८-६९ च्या साथीत आकडा लाखांच्या घरात गेला. पुढे कित्येक दशके खपून, यादवी युद्धाच्या धामधुमीतही कार्यक्रम चालू ठेवून, त्या देशाने ऑक्टोबर २०१२ मध्ये शेवटचा स्थानिक रुग्ण पाहिला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडून हिवतापमुक्तीचा दाखला मिळवला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, लागण तुरळक झालेली असताना, तिथले व्हायव्हॅक्सचे नमुने तपासले गेले होते. त्यांत विविधता भरपूर निघाली, अनेक वाणांची मिश्र लागणही निघाली. विविधता घटल्यावरच निर्मूलन टप्प्यात येते असा नियम असता तर श्रीलंकेने आशा सोडायला हवी होती. तिने विविधता तशीच असताना रोग घालवला. परजीवी विविध असला तरी त्याला पुढचा माणूस मिळाला नाही की तो संपतो.

आता दुसरी पायरी: विविधता घटली की परजीवी दुबळा होतो. संवर्धनशास्त्रात वाघ-माळढोकांबद्दल जे म्हटले जाते तेच इथे तसेच्या तसे आणले आहे. पण फाल्सिपेरम ही सबंध जातच या समजुतीला खोटे पाडते. गोरिलांच्या अंगातल्या परजीवीपासून ती माणसात आली, आणि सुमारे चार ते सहा हजार वर्षांपूर्वी तिची संख्या अगदी थोड्यावर आली होती असा २०१८ सालच्या जनुकीय अभ्यासाचा अंदाज आहे. (नव्वदच्या दशकात तर काहींनी साऱ्या फाल्सिपेरमची एकच अलीकडची ‘आदिमाता’ शोधल्याचे जाहीर केले होते. त्यावर दहा वर्षे चांगली जुंपली. आज ते मत तितक्या टोकाला कोणी धरत नाही, पण जातीची विविधता अरुंद आहे हे उरलेच.) व्हायव्हॅक्सची विविधता फाल्सिपेरमच्या साधारण दुप्पट आहे. आणि दरवर्षी जगात हिवतापाने जे सहा लाखांच्या आसपास लोक मरतात, त्यांतले बहुतेक फाल्सिपेरमने मरतात. अरुंद वंशाचा हा परजीवी दुबळा म्हणायचा तर दुबळेपणाची व्याख्याच बदलावी लागेल.

औषधांच्या इतिहासात हेच पुन्हा दिसते. क्लोरोक्विनला न जुमानणारा फाल्सिपेरम १९५०च्या दशकाच्या अखेरीस कंबोडिया-थायलंडच्या सीमेवर आणि कोलंबियात दिसू लागला, १९७३ साली आसामात नोंदला गेला, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत पोचला. अर्धवट गोळ्या खाणाऱ्या रुग्णागणिक तो नव्याने उपजला असेल, असा सर्वसाधारण समज होता. २००२ साली सातव्या गुणसूत्रावरचा, या प्रतिरोधाला कारण असलेल्या जनुकाच्या आजूबाजूचा भाग तपासला तेव्हा उलगडले की साऱ्या जगातल्या प्रतिरोधाचे उगम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. आफ्रिकेतला वाण आशियातूनच गेलेला. त्या जागी विविधता जवळजवळ पुसली गेली होती, कारण एकच विजयी तुकडा बाकी सगळ्यांना ढकलून पसरला होता. विविधता घटणे ही इथे परजीवीच्या पराभवाची खूण नव्हती. त्याच्या विजयाची होती.

कंबोडियात याची पुनरावृत्ती आपल्या डोळ्यांदेखत झाली. पश्चिम कंबोडियात २००८ च्या सुमारास एक वाण उपजला. त्यात परजीवीला आर्टेमिसिनिन या औषधापुढे चिवट करणारा ‘केल्च-१३’ जनुकातला बदल आणि जोडीच्या पिपेराक्विनला निष्प्रभ करणारा बदल, दोन्ही एकत्र होते. काही वर्षांत तो ईशान्य थायलंड, दक्षिण लाओस आणि दक्षिण व्हिएतनामभर पसरला आणि अनेक ठिकाणी बहुसंख्य झाला. त्याच काळात त्या टापूत रुग्णसंख्या घसरत होती. ‘रुग्ण कमी, विविधताही कमी, म्हणजे सारे ठीक’ हे सूत्र तिथे वापरले असते तर सूत्राने शाबासकी दिली असती आणि रुग्णांना दिलेले औषध वाया गेले असते. शिवाय एका अंगात एकच वाण असण्याचा एक फायदा परजीवीला मिळतो, तो सहसा विसरला जातो. प्रतिरोधाचे दोन बदल एकत्र आलेला वाण दुसऱ्या वाणाशी मिसळला तर ती जोडी पुढच्या पिढीत फुटू शकते. स्वतःशीच जुळला तर शाबूत राहते.

पूर्वपक्ष इथे रवांडाचे नाव घेईल, आणि घ्यावेही. २०२० साली तिथे केल्च-१३ मधला एक बदल सापडला. तो आशियातून आलेला नव्हता, आफ्रिकेच्या मातीतच उपजला होता. तेव्हा भरपूर विविधतेतूनही प्रतिरोध निघतो, हे मान्य. मात्र ते मान्य केल्यावर पूर्वपक्षाच्या हाती काय उरते? विविधता घटली तरी धोका, वाढली तरी धोका; म्हणजे नुसत्या विविधतेवरून धोक्याबद्दल काहीच कळत नाही.

मलावीने तर विविधतेची चांगली बाजू दाखवली. १९९३ साली त्या देशाने क्लोरोक्विन बंद केले. काही वर्षांत प्रतिरोधी जनुक विरत गेले, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्लँटायरमधल्या चाचणीत क्लोरोक्विन पुन्हा जवळपास शंभर टक्के गुणकारी ठरले. परतलेले परजीवी एखाद्या सुधारलेल्या वाणाची पिल्ले नव्हती. औषधाच्या काळातही कोपऱ्यांत तग धरून राहिलेले नाना प्रकारचे जुने वाण पुन्हा पसरले होते. विविधता वाढली आणि रुग्णाचे भले झाले. भारतात असे घडलेले नाही. इथे फाल्सिपेरमसाठी क्लोरोक्विन बंद झाले, पण व्हायव्हॅक्ससाठी ते अजूनही दिले जाते, आणि त्याचा दाब दोघांवरही पडतो.

काळाबद्दलच बोलायचे तर आणखी एक साक्ष काढायला हवी. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाशी भातशेतीच्या दलदलीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिवताप होता. तिथल्या एका डॉक्टरने १९४०च्या दशकात रंगवलेल्या काही काचा त्यांच्या घरच्यांनी जपून ठेवल्या होत्या. सत्तर वर्षांनी त्या काचांवरच्या सुकलेल्या रक्तातून परजीवीचा डीएनए निघाला. युरोपातून संपलेल्या व्हायव्हॅक्सचे सर्वांत जवळचे नातलग आज मध्य आणि दक्षिण अमेरिकेत भेटले. त्याच काचांवरच्या फाल्सिपेरमचे जवळचे सोयरे निघाले भारतीय उपखंडातले. आणि आज औषधप्रतिरोधाशी जोडले जाणारे काही बदल त्या व्हायव्हॅक्समध्ये क्लोरोक्विनचा वापर पसरण्याआधीच होते. युरोपने रोग संपवला, वाण संपला नाही. तो आधीच दुसऱ्या खंडात नांदत होता. एखाद्या जिल्ह्याच्या किंवा देशाच्या हद्दीत विविधता मोजून वंशाचा शेवट जवळ आला म्हणणाऱ्यांनी या काचा पाहायला हव्यात.

मग जनुके तपासूच नयेत का? असा अर्थ कोणी काढू नये. मोजायचे ते वेगळे काही. दोन रुग्णांतल्या परजीवींचे नाते किती जवळचे, जनुकसंचाचा किती हिस्सा त्यांना एकाच अलीकडच्या पूर्वजाकडून मिळाला, हे आता नेमके काढता येते. विविधता शतकांच्या चालीने सरकते, नाते हंगामागणिक बदलते. सेनेगालमधल्या थिएस शहरात जनुकसंचातल्या फक्त २४ जागा वाचून प्रत्येक परजीवीची ओळख ठरवली गेली. लागण घटत गेली तशी एकाच ओळखीचे परजीवी वेगवेगळ्या रुग्णांत, कोरडे हंगाम ओलांडून वर्षानुवर्षे सापडू लागले. पुढे लागण पुन्हा वाढली, त्याचा मागही याच खुणांतून काढता आला. कोण कुणाचा वंशज, या प्रश्नाचे उत्तर कार्यक्रमाच्या कामी येते. ‘विविधता किती’ या प्रश्नाचे येत नाही.

महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे, तोही मुख्यतः फाल्सिपेरमचा. छत्तीसगड आणि तेलंगणाच्या सीमा त्याला लागून आहेत, जंगल सलग आहे आणि माणसांची ये-जा रोजची आहे. मुंबईत किंवा गोव्यात बांधकामावरच्या मजुरांबरोबर परजीवी येतो आणि साचलेल्या पाण्यावर वाढलेला ॲनोफेलीस स्टीफेन्सी त्याला पुढे नेतो. दोन्हीकडे रुग्ण शंभर असले तरी काम एक नव्हे. यंदाचे रुग्ण गेल्या पावसाळ्यातल्या रुग्णांचेच वंशज असतील तर ताप नसलेल्या पण परजीवी बाळगणाऱ्या माणसांना त्याच पाड्यांत शोधावे लागेल. ते बाहेरून आलेले असतील तर पाड्यांत फवारा मारून थोडेच साधेल. तपासणी मजुरांच्या वस्तीवर आणि पलीकडच्या राज्यातल्या शेजारी तालुक्यांत न्यावी लागेल. काचपट्टी घेताना त्याच बोटाचा आणखी एक थेंब गाळणकागदावर टिपून वाळवून ठेवला तर हा फरक सांगता येतो. त्याला नवा टोचा लागत नाही आणि शीतपेटीही लागत नाही.